मालनीचं गाऱ्हाणं

मालन राऊळ हिला चार माणसांत बोलताना कुणी फारसं ऐकलेलं नाही. जोगेश्वरी पूर्वेच्या चाळीत ती लग्न होऊन आली, तेव्हापासून त्या घरात बोलण्याचं काम लवूकडे आणि ऐकण्याचं मालनकडे. लवू राऊळ म्हणजे तोंडाचा पट्टा. नळावर पाणी भरताना बोलेल, दाढी करताना बोलेल, घास हातात तसाच धरून बोलेल आणि बोलून झालं की बायकोकडे बघून विचारेल, "काय गो, खरां की नाय?" मालन म्हणणार, "हुं." एवढ्या एका हुंकारावर दोघांचा संसार झाला, मुलगी जान्हवी शिकली, लग्न होऊन बोरिवलीला गेली. लोक म्हणायचे, मालन अबोल आहे. अहो, अबोल कसली! तिला बोलायला फट मिळेल तर ना.

लवू मरोळच्या एका वर्कशॉपमध्ये लेथ मशिनवर होता. बाप गिरणीत होता. गिरणी बंद पडली तेव्हा बापाने सांगितलं, लोखंडाचं काम शिक, कापडाचं काही खरं नाही. मालन तिथल्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका कॅन्टीनमध्ये चपात्या लाटायची. सकाळी दोघं एकत्र निघायचे, लवू बोलत पुढे आणि मालन डबे घेऊन मागे. पण चाळीत आणि वर्कशॉपमध्ये लवूचं नाव होतं ते लेथमुळे नव्हे. लवू गाऱ्हाणं घालायचा.

मालवणी माणसाला हे सांगायला नको, पण बाकीच्यांना सांगायला हवं. गणपती असो, सत्यनारायण असो, नव्या घराची वास्तुशांत असो, एकाने देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ द्यायची, याला गाऱ्हाणं म्हणतात. ते कुणालाही जमत नाही. आवाज लागतो, ठेका लागतो आणि कुणाच्या घरात काय चाललंय याची खबरही लागते. लवूकडे या तिन्ही गोष्टी होत्या. खंडेनवमीला मशिनची पूजा झाली की लवू पुढे व्हायचा. "ह्या मशिनीत कोणाचां बोट जावक नको म्हाराजा!" शेटजी घाटकोपरचे, गुजराती, तेही हात जोडून सगळ्यांच्या सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचे. लवू कामावर होता तोवर त्या वर्कशॉपमध्ये कुणाचं बोट गेलं नाही. ते देवामुळे की लवूच्या धाकामुळे, ते देवच जाणे.

गाऱ्हाण्याचा लवूचा एक नियम होता. आधी सगळ्यांचं मागायचं, आपल्या घरचं सगळ्यात शेवटी. कुणी नवशिक्याने सुरुवातीलाच स्वतःचं रडगाणं लावलं की लवू तिथल्या तिथे झापायचा, "आदी सगळ्यांचां! शिरा पडो तुझ्या तोंडार!" ही त्याची आवडती शिवी. हातातून पाना निसटला तरी 'शिरा पडो' आणि चहात साखर कमी झाली तरी 'शिरा पडो'. आणि गंमत बघा, स्वतः गाऱ्हाणं घालताना स्वतःच्या घराची पाळी आली की हा बाबा लाजायचा. "आपलां सगळ्यांत इलां," म्हणायचा आणि नारळ वाढवून मोकळा व्हायचा. मालन मागे हळदकुंकवाचं ताट धरून उभी असायची. चाळीतल्या वांझेला मूल मागून झालं, नोकरी गेलेल्याला नोकरी मागून झाली, दारुड्याला अक्कल मागून झाली. मालनला दर वेळी वाटायचं, ह्याने एकदा तरी आपलं नाव घ्यावं. एकदाच. तिने हे कधी कुणाला सांगितलं नाही, लवूला तर नाहीच.

मग गेल्या वर्षी, शिमगा नुकताच झाला होता, लवू दारात आरसा टांगून दाढी करत होता आणि नेहमीप्रमाणे बोलत होता. बोलता बोलता वाक्य मध्येच तुटलं. मालनला आधी तेच जाणवलं. ती आत भाकरी थापत होती. बाहेर शांतता झाली म्हणून ती पीठभरल्या हाताने धावत आली, तर लवू भिंतीला टेकून खाली घसरलेला आणि तोंड एका बाजूला गेलेलं. शेजाऱ्यांनी रिक्षात घातलं. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांनी लगेच हालचाल केली, म्हणून माणूस वाचला. मालन त्या डॉक्टरांच्या नावाने आजही संध्याकाळी दिवा लावताना हात जोडते. उजवा हात लुळा पडला, पाय थोडा ओढत चालू लागला. पण वाचा गेली ती गेलीच.

वाचा शिकवणाऱ्या शर्मिष्ठा मॅडमनी मालनला समोर बसवून नीट सांगितलं. "मावशी, त्यांना सगळं समजतं. मनात शब्द आहेत, पण शब्दापर्यंत जायची वाट मोडली आहे. वाट पुन्हा होऊ शकते. वेळ लागेल आणि नेमाने यावं लागेल. आणि एक करायचं, त्यांच्या तोंडचं वाक्य तुम्ही पुरं करायचं नाही. थांबायचं."

थांबायचं! मालन जन्मभर दुसरं काय करत आली होती? पण हे थांबणं निराळं होतं. लवू तिच्याकडे बघायचा, ओठ हलवायचा, "त... त..." करायचा, गळ्याच्या शिरा फुगायच्या. तिला ते बघवायचं नाही. ती पटकन म्हणायची, "पाणी? पाणी होया?" आणि पेला पुढे करायची. लवू पेल्याकडे बघायचा आणि मान फिरवायचा. घरात रेडिओ होता, टीव्ही होता, शेजारची भांडणं होती, पण ज्याचं ऐकायची सवय झालेली तो एक आवाज नव्हता. कान रिकामे पडल्यावर माणसाचं काय होतं ते मालनला त्या दिवसांत कळलं. ती मोरीचा नळ उघडून रडायची.

शर्मिष्ठा मॅडमनीच तिला बुधवारच्या बैठकीचं सांगितलं. दुपारची ओपीडी संपली की फिजिओथेरपीच्या बाहेरच्या मोठ्या हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडायच्या आणि लकवा झालेले पेशंट, त्यांच्या घरचे, वेळ असेल तर नर्सेस, सगळ्यांनी मिळून गायचं. हे चालवायची नेत्रा नावाची मुलगी. मुलुंडहून पेटी घेऊन यायची. तिचा एक गट होता, कुणी गाणारं, कुणी चित्रं काढणारं, कुणी गोष्टी सांगणारं. मुलांच्या वॉर्डात भिंतीवर माकडं आणि झाडं काढायचे, डायलिसिसवाल्यांना गोष्टी सांगायचे आणि इथे लकव्याच्या पेशंटांबरोबर गायचे.

मालन मनातल्या मनात म्हणाली, घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! माणसाची वाचा गेलीय आणि ह्या पोरी त्याला गाणं म्हणायला लावणार! पण मॅडमचा शब्द मोडवेना. पहिल्या बुधवारी ती लवूला रुग्णालयाच्या व्हीलचेअरवर घेऊन गेली आणि दाराजवळ अशी बसली, की वाटलं तर चटकन उठून जाता येईल.

"काकी, पुढे या ना," नेत्रा म्हणाली. "इथे प्रत्येक जण घरून काहीतरी आणतो. ओवी, आरती, काहीही. तुम्ही काय आणलंय?"

"मी काय आणू? नवरा आणलाय," मालन म्हणाली.

सगळा हॉल हसला. मालनला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण तिला विनोद करायचाच नव्हता. पण शेजारी बसलेल्या बाईने तिच्या मांडीवर थाप मारली. ही मथुरा, वेसाव्याची कोळीण. डावा हात पडलेला, तोंड मात्र धडधाकट. "आगो बाय, झकास बोललीस! माझ्याकडे तोच उलटा माल आहे. तोंड चालतं, हात चालत नाही. तुझा नवरा नि मी मिळून एक अख्खा माणूस होईल बघ." मालनला किती दिवसांनी हसू आलं. हसताना तिने चोरून लवूकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

त्या बैठकीला मालन जाऊ लागली ती, खरं सांगायचं तर, लवूसाठी नव्हे, स्वतःसाठी. तिथे कुणीतरी तिच्या हातात चहा द्यायचं. नेत्रा पेटी उघडण्याआधी विचारायची, "काकी, या आठवड्यात झोप लागली का?" असं आधी तिला कुणी विचारलंच नव्हतं. मथुरा मासे विकायच्या हाका आळवून म्हणायची आणि सगळे तिच्यामागे पापलेट, बोंबील, सुरमई ओरडायचे. ज्याला नीट बोलता येत नव्हतं असा एक मास्तर अख्खी आरती न अडखळता म्हणायचा आणि संपल्यावर स्वतःच चकित होऊन बघायचा. शर्मिष्ठा मॅडम सांगायच्या, पाठ झालेलं आणि सुरातलं मेंदूत वेगळ्या कप्प्यात असतं, ते दार कधी कधी उघडं राहतं. लवूचं मात्र कुठलंच दार उघडेना. आरती झाली, भजनं झाली, पाढेसुद्धा म्हणून झाले. लवू दगडासारखा बसायचा.

बैठकीला एक वर्ष झालं त्या दिवशी नेत्राने पेटीची पूजा ठेवली होती. नारळ होता. ट्रॉली ढकलणारा दशरथ, कणकवलीकडचा गडी, चहाला म्हणून डोकावला होता. मथुराने त्याला धरलं, "ए दशरथ, तू मालवणी ना? वाढव नारळ." दशरथला चेव आला. त्याने नारळ कपाळाला लावला आणि गमतीने आवाज चढवला, "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आवाज मालनच्या उजव्या बाजूने आला. खणखणीत, पोटातून आलेला. मालनने आधी मागे बघितलं, कोण बोललं म्हणून. मग बाजूला बघितलं. लवू ताठ बसला होता आणि त्याचा डावा हात छातीशी आला होता. दशरथच्या हातातला नारळ पडता पडता राहिला. पण गडी हुशार. तो थांबला नाही, त्याने पुढचं लावलं. "आज ह्या जाग्यार ही जी काय लेकरां जमली असत म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "तेंच्या हातापायात बळ दी म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" लवूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दर वेळी आवाज मोठा होत होता. शर्मिष्ठा मॅडम आपल्या खोलीतून पळत आल्या. मालनने पदर तोंडात कोंबला आणि ती तशीच खाली फरशीवर बसली.

त्या संध्याकाळी तिने चाळभर पेढे वाटले. जान्हवीला फोन लावला आणि लवूपुढे धरला. "बाबा, बरं वाटतंय?" "व्हय म्हाराजा!" जान्हवी तिकडे रडू लागली.

आता पुढची गंमत ऐका. गंमत म्हणजे रडावं की हसावं असली. लवूला ते दोनच शब्द आले होते आणि तो सगळ्याला तेच म्हणू लागला. चहा घेणार? व्हय म्हाराजा. चहा नको ना? व्हय म्हाराजा. पाय दुखतोय? व्हय म्हाराजा. कमी आहे? व्हय म्हाराजा. चाळीतली पोरं मुद्दाम विचारायची, "लवूकाका, आमची टीम हरणार?" आणि तो म्हणायचा, व्हय म्हाराजा. म्हणून झाल्यावर त्याचा चेहरा पडायचा. त्याला म्हणायचं असायचं दुसरंच. मालनच्या ते लक्षात यायला लागलं तसा तिचा पेढ्यांचा आनंद ओसरला. हुंकार भरायचं काम जन्मभर तिने केलं होतं. आता तेच काम नवऱ्याकडे गेलं, आणि बोलणारं माणूस घरात कुणी उरलंच नाही.

शर्मिष्ठा मॅडम म्हणाल्या, "मावशी, वाट आहे हे तर कळलं. आता त्यांच्या मनातला, त्यांचा स्वतःचा एक शब्द यायला हवा. एक आला की पुढचे येतील."

"आणि नाही आला तर?"

मॅडम खोटं बोलत नसत. त्या म्हणाल्या, "नाही आला तरी आपण येत राहायचं."

आणि नेमक्या त्याच दिवसांत गावाहून लवूच्या धाकट्या भावाचा, अनंतचा, फोन येऊ लागला. मनाने सरळ माणूस. कुडाळच्या पुढे घर, अंगण, माणसांचा राबता. "वयनी, किती धावतलंस एकटी? धाडून दी दादाक गावाक. हय खळ्यात बसांदे. आता वाचा येवची ती इली, आणखी काय येवची नाय." मालन आधी नको म्हणाली. मग रिक्षात त्याला चढवता उतरवता तिच्याच कमरेने दगा दिला. जान्हवी येऊन जाऊन करून थकली. चाळीतली एक जण म्हणालीच, "हॉस्पिटलात जाऊन गाणी म्हणतात म्हणे!" आणि एका दुपारी मालनने अनंतला सांगून टाकलं, बैठकीचा कार्यक्रम आहे तेवढा होऊ दे, मग पाठवते. गावात ना शर्मिष्ठा मॅडम, ना बुधवार. तिकडे लवू खळ्यात, म्हणजे अंगणात, बसेल आणि येणाऱ्या जाणाऱ्याला व्हय म्हाराजा म्हणेल, हे तिला ठाऊक होतं. फोन ठेवून ती वळली तर लवू तिच्याकडेच बघत होता.

"चलशात ना गावाक? बरां वाटतलां," ती म्हणाली.

"व्हय म्हाराजा," लवू म्हणाला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

कार्यक्रम म्हणजे फार काही नव्हतं. हॉलच्या भिंतीवर नेत्राच्या गटाने पेशंटांच्या हातांचे रंगीत ठसे घेऊन एक मोठी होडी काढली होती. मथुराचा निकामी हात स्वतः नेत्राने धरून रंगात बुडवला होता. लवूचा ठसा शिडावर होता. मोठे डॉक्टर येणार, होडीपुढे नारळ फोडणार, दशरथ गाऱ्हाणं घालणार आणि लवू साथ देणार, असं ठरलं होतं. मालनने लवूला इस्त्रीचा सदरा घातला. स्वतः लग्नातली म्हणून जपलेली जांभळी साडी नेसली. शेवटचा बुधवार होता तो.

सगळे जमले आणि ऐन वेळी दशरथला वरून हाक आली. अपघाताचा पेशंट आला होता, ट्रॉली लागणार होती. "मी येतंय," म्हणत तो धावला. नारळ मालनच्या हातात देऊन गेला, कारण ती जवळ उभी होती.

थोडा वेळ वाट बघितली. मोठे डॉक्टर घड्याळ बघू लागले. नेत्रा मालनजवळ आली. "काकी, तुम्ही घालाल?"

"मी? छे गं बाई! बायका नाही घालत गाऱ्हाणं."

"का?" मथुरा मागून ओरडली. "बाईने घातलं तर देव काय कानात बोटं घालतो? आम्ही बायका बाजारात ओरडतो ते त्याला ऐकू जातं, मग तुझं जायला काय धाड भरलीय? घाल!"

मालनने लवूकडे बघितलं. तो नारळाकडे बघत होता, जसा लेथवर चढवलेल्या लोखंडाकडे बघायचा तसा. तिच्या मनात आलं, शेवटचंच तर आहे. तिने पदर खोचला, नारळ दोन्ही हातांत धरला आणि तोंड उघडलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा हॉल म्हणाला. लवूचा आवाज सगळ्यांत वर.

"बारा गावच्या, बारा वेशीच्या, ह्या जाग्याच्या धन्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इतकी वर्षं मागे ताट धरून उभं राहिल्याने तिला शब्द न् शब्द पाठ होता. पण इथे तिचा धीर सुटला. पोटात साठलेलं सगळं एकदम वर आलं.

"माझ्या घोवाची वाचा गेली ती परत दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" लोक म्हणाले. लवू म्हणाला नाही.

"तेका पयल्यासारखो बोलांदे म्हाराजा! माका तेचो आवाज परत दी..."

लवूचा डावा हात व्हीलचेअरच्या दांड्यावर आपटला. एकदा, दोनदा. मालन थांबली. लवूचा चेहरा लाल झाला होता, मान हलत होती, ओठ वळत होते. "स... स... सग..."

तिच्या तोंडाशी आलं, काय, पाणी होया? तिने ओठ दाताखाली धरला. थांबायचं. शर्मिष्ठा मॅडमनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"सग... सगळ्यांचां!" लवू म्हणाला. "आदी... आदी सगळ्यांचां!" आणि श्वास घेऊन, चांगला रागावून, "शिरा पडो!"

एक क्षण कुणाला कळलं नाही काय झालं ते. मग मालन रडायलाही लागली आणि हसायलाही लागली. अहो, कुणाच्या नवऱ्याने भर सभेत शिवी घातली म्हणून बाई अशी आनंदाने वेडी झालेली तुम्ही पाहिली आहे? नेत्राचे हात पेटीवरच राहिले. मथुरा एका हाताने आपलीच मांडी पिटत होती. शर्मिष्ठा मॅडम मोठ्या डॉक्टरांचा हात धरून म्हणत होत्या, "त्यांचा शब्द आहे हा, त्यांचा स्वतःचा!"

आणि लवू कुणाकडे बघत नव्हता. तो मालनकडे बघून डाव्या हाताने खूण करत होता, पहिल्यापासून घे. गाऱ्हाणं चुकलं होतं ना! आधी स्वतःचं मागितलं होतं तिने. असलं गाऱ्हाणं लवू राऊळ कसं चालवून घेईल?

मालनने डोळे पुसले आणि पहिल्यापासून घेतलं. या वेळी तिने सगळ्यांचं मागितलं. "ह्या हास्पिटलात जी काय तुझी लेकरां दुखण्यान गांजली असत, तेंका उठवून बसव म्हाराजा! मथुरेच्या हाताक बळ दी, तिची पाटी परत तिच्या डोक्यार चढांदे म्हाराजा! आता जो कोण तो अपघाताचो पेशंट इलो, तेका वाचव म्हाराजा! डाक्टर, सिस्टर, झाडू मारणारे, ट्रॉली ढकलणारे, जे कोण हय रातदिस राबतत, तेंच्या घराक सुख दी म्हाराजा! ही लोकांची पोरां पेटी उचलून मुलुंडसून आमच्यासाठी येतत, आमी तेंची कोण नाय, तरी येतत, तेंचां काय वाकडां होवक देव नको म्हाराजा!" मागता मागता तिला कळत होतं, हे नुसतं मागणं नाही. ज्यांचे उपकार तिला कधी सांगता आले नव्हते, त्यांचे ती आज आभार मानत होती. नेत्रा मान खाली घालून पेटीच्या पट्ट्या पुसत होती. तिला त्यांत काय दिसत होतं कोण जाणे.

आणि मग मागणं संपलं. स्वतःच्या घराची पाळी आली तशी मालनलाही लाज वाटली, अगदी लवूला वाटायची तशी. आपलां सगळ्यांत इलां, म्हणून ती नारळ फोडायला वाकली.

"रव," लवू म्हणाला.

ती थांबली. सगळे थांबले. लवूने डावा हात छातीशी नेला. उजवाही न्यायचा प्रयत्न केला, तो मांडीवरून थोडासा हलला. शब्द एकेक करून आले, मध्ये इतकी अंतरं, की कुणालाही वाटावं पुढचा येणार नाही. कुणीही त्याला मदत केली नाही.

"आणि... मा... मालनीक... सुखी... ठेव... म्हाराजा."

मालनने साथ द्यायला तोंड उघडलं आणि तिच्याच तोंडून आवाज फुटेना. तेव्हा बाकीच्या सगळ्या हॉलने तिच्या वाटचं म्हटलं. मोठे डॉक्टर, नर्सेस, आरतीवाला मास्तर, घामाने निथळत परत आलेला दशरथ, सगळे. नारळ शेवटी मथुराने फोडला, एका हाताने.

संध्याकाळी घरी आल्यावर मालनने दिवा लावला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ हात जोडले, कारण आज नावंच पुष्कळ होती. तेवढ्यात अनंतचा फोन आला. तिने स्पीकर लावून तो लवूच्या मांडीवर ठेवला.

"दादा, झालो मा कार्यक्रम?" अनंत विचारत होता. "आता गावाक येतलंस मा?"

मालन शेगडीपुढच्या पाटावर बसून थांबली. लवूचे ओठ हलले. सवयीने 'व्ह' येऊ लागला होता, तो त्याने गिळला.

"नाय," लवू म्हणाला. पुढे म्हाराजा लावलं नाही. मग त्याने बायकोकडे बघितलं.

"हुं," मालन म्हणाली.